दवाईचं पाणी

आमच्या वहिनी पाणी पिण्याआधी पेल्याचा वास घेतात. पाहुण्याच्या लक्षातही येणार नाही इतकं ते सहज होतं. पेला ओठांपाशी येतो, जरा थांबतो, नाकपुड्या हलल्या न हलल्यासारख्या होतात आणि मग पहिला घोट जातो. तरुणपणापासून मी हे पाहत आलो आहे. पेला मी भरून दिलेला असो वा दुसऱ्या कुणी, मला नेहमी वाटत आलं की हा वास माझ्यासाठी आहे. या बाईला माझा संशय आहे. तिने कधी बोलून दाखवलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. एका घरात राहायचं, तिच्या हातचं जेवायचं, तिच्या दुखण्याखुपण्याला धावायचं, आणि दर वेळी पेला थांबला की आपणही आतून थांबायचं, अशी माझी वर्षं गेली. त्या संशयाचं मूळ ज्या उन्हाळ्यात आहे, तो उन्हाळा मला इथे लिहायचा आहे.

आमचं घर झाशीत, मानिक चौकाच्या मागच्या गल्लीत. कोणे एके काळी पूर्वज दक्षिणेतून इथे कारकुनी करायला आले आणि राहिले; मोठेपणा कधीच सरला होता, मराठी तेवढी उरली होती, तीही अर्धीमुर्धी. वडील, म्हणजे नाना, कचहरीत नोकरीला होते. घर बेताचंच: पुढे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, मागे फरसबंद चौक, चौकापलीकडे भाड्याने द्यायची एक खोली आणि कोपऱ्यात विहीर. त्या विहिरीवर घराची सगळी इभ्रत टांगलेली होती. जेठात नळ कोरडे पडले की गल्लीतल्या बायका बादल्या घेऊन आमच्याकडे यायच्या आणि नाना कुणालाही परत पाठवायचे नाहीत. “पाणी अडवणाऱ्याच्या घरी देव पाणी पीत नाही,” असं ते म्हणायचे. पहाटे जाग यायची ती रहाटाच्या करकरीने. पिण्याचं पाणी फक्त आई काढायची, आंघोळ करून, ओल्या सोवळ्यात. दुहेरी फडक्यातून ते तांब्याच्या हंड्यात गाळायची आणि हंड्याला मग दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आमच्या घरात स्वच्छ या शब्दाचा अर्थ एवढाच होता: कुणी शिवलेलं नाही.

दादाचं लग्न ठरलं तेव्हा नानांनी हौसेने एक नवं काम काढलं. तोवर आमच्याकडे जुन्या पद्धतीचा संडास होता. नाशिककडची शिकलेली मुलगी येणार, तिला लाजायला नको, म्हणून नानांनी खड्डा खणून फ्लशचा संडास बांधून घेतला. जागा ठरवताना बराच खल झाला. देवघरातून दिसता कामा नये. स्वयंपाकघराच्या बाजूला नको. शेवटी उरला विहिरीमागचा कोपरा. मध्ये पुरुषभर उंचीची भिंत घातली, तिला चुना दिला, आणि आई म्हणाली, “आता ठीक. आता विहिरीवर तिकडची सावलीसुद्धा येत नाही.”

वहिनी आल्या आणि घरात हसण्याचा आवाज आला. आमची मराठी ऐकून त्यांना हसू आवरायचं नाही. आई म्हणायची, “सुनबाई, सब्जी चढवली का? आणि चाबी कुठे ठेवलीस?” वहिनी तोंडाला पदर लावून म्हणायच्या, “सब्जी चढवली! देवाला का आई?” आई रागवायची नाही, पण तिला विनोद कळायचाही नाही. वहिनींना ज्याच्याशी मनासारखं बोलावं असं माणूस घरात नव्हतं. ते त्यांना चौकापलीकडच्या खोलीत मिळालं.

त्या खोलीत सोनवणे नावाचं जोडपं दिवाळीनंतर राहायला आलं होतं. सोनवणे रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर होते. क्वार्टर मिळेपर्यंत भाड्याने राहणार होते. मूळचे भुसावळकडचे. त्यांची बायको मंगलाताई वहिनींपेक्षा थोडी मोठी, सावळी, बारीक, हाताने भराभर काम करणारी. तिच्या डोळ्यांच्या पांढऱ्याला किंचित पिवळी झाक होती. दिवाळीच्या आधी तिला कावीळ होऊन गेली होती, हे तिने वहिनींना विश्वासाने सांगितलं आणि वहिनींनी भाबडेपणाने ते आईला सांगितलं. आम्ही जुने, म्हणजे इथे रुजलेले. रेल्वेवाले म्हणजे बदलीवर आलेले, आज आहेत उद्या नाहीत, अशी आमच्याकडे वाटणी होती. त्यांच्या रविवारच्या रश्श्याचा वास चौक ओलांडून यायचा तेव्हा आई स्वयंपाकघराची खिडकी ओढून घ्यायची. भाडं मात्र वेळेवर यायचं आणि मराठी माणसं म्हणून नानांना ती हवीही होती. दुपारी वहिनी तिच्या उंबऱ्याशी बसायच्या आणि दोघींच्या बोलण्याची अखंड धार चालायची. मी कॉलेजातून आलो की मंगलाताई हाक मारायची, “या भाऊजी, काय शिकवलं आज? बेडूक फाडला का नाही?” मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होतो. घरातला पहिला विज्ञानाचा विद्यार्थी. माझ्या शब्दाला तेव्हा जे वजन होतं ते पुढे कधीच राहिलं नाही, आणि ते बरंच झालं.

माघात वहिनींना दिवस राहिल्याचं कळलं आणि त्यांना एक विचित्र डोहाळा लागला. आमच्या विहिरीचं पाणी त्यांना जाईना. “लोखंडासारखं लागतं,” म्हणायच्या. सोनवणे विहिरीचं पाणी पीत नसत. ते जड आहे, त्यात डाळ शिजत नाही आणि चहाला रंग येत नाही अशी त्यांची तक्रार होती. शेडवरून येताना ते सायकलला कॅन अडकवून रेल्वेच्या नळाचं पाणी आणायचे आणि मंगलाताई ते माठात भरायची. त्या पाण्याला औषधाचा उग्र वास यायचा. नाना त्याला चेष्टेने ‘दवाईचं पाणी’ म्हणायचे. वहिनींना नेमका तोच वास आवडू लागला. मंगलाताई रोज संध्याकाळी त्यांची सुरई भरून द्यायची. आईला हे पटत नव्हतं. “हंड्यात अमृत ठेवून ही त्यांचं दवाईचं पाणी पिते,” ती नानांना म्हणायची. पण डोहाळा मोडू नये, म्हणून गप्प बसायची.

चैत्रात आईने गौरीचं हळदीकुंकू केलं. झाशीतल्या मराठी घरांतल्या झाडून साऱ्या बायका आणि गल्लीतल्या शेजारणी आल्या होत्या. कैरीची डाळ, भिजवलेले हरभरे आणि मोठं पातेलंभर पन्हं. कैऱ्या किसायला आईने मंगलाताईला बोलावलं होतं. आईला संधिवात, वहिनींना उलट्या. उकडलेल्या कैरीच्या गरात आईने हंड्यातलं थंड पाणी ओतलं, वेलदोडा घातला, आणि सगळ्यांनी मागून मागून पन्हं प्यायलं. एकट्या वहिनींनी वेलदोड्याच्या वासाने फुलपात्र तसंच बाजूला ठेवलं. त्यांच्या वाट्याचं मी प्यायलो.

वैशाख संपता संपता गल्लीत कावीळ आली. हळदीकुंकवाला आलेल्या दोघी-तिघी बायका पडल्या, मग शेजारच्या मिश्रा चाचींचा मुलगा, मग आमचा दादा. दादाचं निभावलं, पण डोळे हळदीसारखे झाले आणि घरात भीती शिरली. संशय कसा वाढतो हे मी त्या दिवसांत जवळून पाहिलं. आधी उसाच्या रसवाल्यावर तो आला. मग बर्फावर. मग कुणीतरी म्हणालं, आजारी पडल्या त्या सगळ्या आमच्याकडे पन्हं प्यायल्या होत्या. एका अर्थी ही गोष्ट खरी होती, आणि तिथून एकच पाऊल पुढे टाकलं असतं तर विहीर होती. पण आमच्या घरात विहिरीवर संशय घेणं म्हणजे आईवर संशय घेणं. म्हणून पाऊल दुसऱ्या बाजूला पडलं. पन्ह्याला हात कुणाचा लागला? मिश्रा चाची चौकात उभ्या राहून, मुद्दाम चौकापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “काऊ को पाँव खराब परो है जा घर में, बहनजी. देख लो, कौन नओ आओ है.” कुणाचा तरी पाय वाईट पडलाय या घरात, नवं कोण आलं आहे ते बघा. बघायला कुणाला लांब जावं लागणार नव्हतं.

त्या दिवसांत गरौठ्याची आत्या आमच्याकडे राहायला आली होती. नानांची थोरली बहीण. तिच्या लहानपणी त्या भागात मरी यायची, म्हणजे पटकी. ती सांगायची, “आली की गावाने देवीचा लहानसा गाडा करायचा. लाल कापड, नारळ, एक कोंबडी. सगळ्यांनी मिळून तो शिवेपलीकडे ढकलून द्यायचा आणि मागे न बघता परत यायचं.”

“आणि पुढच्या गावाने काय करायचं?” मी विचारलं.

“ते त्यांच्या पुढच्या शिवेला ढकलायचे. दुसरं काय करणार?”

मी मोठ्याने हसलो. म्हटलं, “आत्या, मरी पाण्यातून येते. पुस्तकात लिहिलंय. गाड्यावर बसून येत नाही.”

आत्या बिचारी दुखावली. “पाण्यातून? आमच्या गावच्या विहिरीचं पाणी अमृत होतं रे,” ती म्हणाली. मी हे वाक्य ऐकलं आणि तरी ते मला ऐकू आलं नाही.

त्याच आठवड्यात जेवताना पुन्हा तोच विषय निघाला. नाना म्हणत होते, पाय वगैरे थोतांड आहे, पुरावा काय? ते कचहरीतले, त्यांना पुरावा लागायचा. आई म्हणत होती, पुरावा कशाला, तिचे डोळे बघा. तेव्हा मी बोललो. मला कुणी विचारलं नव्हतं. मला टायफॉइडचा धडा त्या वर्षीच झाला होता आणि तो सांगायची खुमखुमी होती.

“असतात अशी माणसं,” मी म्हणालो. “त्यांना स्वतःला काही होत नाही. पण रोग त्यांच्या पोटात घर करून राहतो, आणि त्यांनी हाताळलेल्या अन्नातून दुसऱ्यांना होतो. कॅरियर म्हणतात त्याला.”

नानांचा घास थांबला. “काय म्हणतात?”

“कॅरियर.”

“बघा,” आई म्हणाली, “मी तेच म्हणत होते. पाय.”

“पाय नव्हे,” नाना तिला म्हणाले. “सायन्स आहे ते.”

दारामागे वहिनी ताट घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या बांगड्यांचा आवाज थांबलेला मला आठवतो. आज मला ठाऊक आहे की टायफॉइडचं जे खरं, ते या पाण्यातून पसरणाऱ्या काविळीचं नाही. महिन्यांपूर्वी होऊन गेलेली कावीळ अशी कुणाच्या हातात लपून बसत नाही. पण तेव्हा आईचा पाय आणि मिश्रा चाचींची कुजबुज यांना जे कमी पडत होतं ते मी पुरवलं. ज्ञानाने अंधश्रद्धा जाते असं मी पुढे अनेक सभांमध्ये ऐकलं. आमच्या घरी ज्ञानाने तिला फक्त नवं नाव दिलं, आणि ते देणारा मी होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगलाताई चौकात कपडे धूत असताना आईने सांगितलं. “खोली रिकामी करून द्या बाई. घरात पोटुशी सून आहे. तुमच्या मनात काही नसेल, पण अंगात आहे ना.”

मंगलाताईला आधी कळलंच नाही. “माझ्या अंगात काय आहे, काकू?”

आईने माझ्याकडे पाहिलं. मी रहाटाजवळ उभा होतो. मी जमिनीकडे बघत म्हटलं, “म्हणजे, तुमच्याकडून इतरांना लागण होऊ शकते. तुमचा दोष नाही त्यात.”

तिने हातातला पिळा बादलीत टाकला. मग म्हणाली, “कैऱ्या किसल्या तेव्हा म्हणालात, हात हलका आहे तुझा, मंगला. तेव्हा नाही दिसलं अंगात?” आणि माझ्याकडे वळून, “भाऊजी, तुम्ही पण?” तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

सोनवण्यांनी वाद घातला नाही. हातगाडीवर सामान भरलं. निघताना मंगलाताई आमच्या मागच्या दाराशी आली आणि तिने आत हाक मारली, “ताई, येते हं.” दार लोटलेलं होतं. आतून उत्तर आलं नाही. मी समजलो, आईने वहिनींना आत अडवून ठेवलं असेल. मंगलाताईने माठ गाडीवर चढवला नव्हता. तो तिने उंबऱ्याशी ठेवला, भरलेला. मला म्हणाली, “हा राहू द्या सुनबाईंना. हे म्हणालेत, दोन दिवसांआड पाणी आणून टाकतील. त्यांना दुसरं जात नाही.”

ती वळणापलीकडे गेल्यावर मी तो माठ उचलला. घरात फोडायचा नाही, अपशकुन, असं आई म्हणाली. म्हणून मी तो गल्लीच्या तोंडापर्यंत नेला, पाणी गटारात ओतलं आणि माठ कोपऱ्यावर पालथा ठेवून आलो. परतताना मी मागे पाहिलं नाही. सोनवणे कॅन घेऊन आले तेव्हा मीच त्यांना दारातून परत पाठवलं. आत्याचा गाडा तेव्हा माझ्या मनातही आला नाही. तो आठवला खूप नंतर, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, जेव्हा दादा आजारी पडला आणि आमच्याच दारासमोर बांबूची बल्ली आडवी बांधली गेली, दूधवाला पिशवी लांबून फेकू लागला आणि ओळखीची माणसं फोनवर आधी विचारत, “आप लोग गए कहाँ थे?” दादा त्यात गेला. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मीही आत बसून हिशेब करत होतो, की घरात हे आणलं कुणी. पंखा दुरुस्त करायला आलेल्या पोराने तर नाही?

वहिनींची सुरई त्या संध्याकाळी मी स्वतः घासली. चिंचेने, राखेने, मग गरम पाण्याने. आईच्या परवानगीने हंड्यातलं पाणी दुहेरी फडक्यातून पुन्हा गाळून भरलं आणि त्यांच्या खाटेशी नेऊन ठेवलं. मी कर्तव्य केल्याच्या तोऱ्यात उभा होतो. वहिनींनी पेला भरला, ओठांशी नेला आणि त्या थांबल्या. त्यांनी वास घेतला. मग माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला नीट वाचता आली नाही आणि त्यानंतर आयुष्यभर मी ती वाचत राहिलो. काही न बोलता त्यांनी पाणी प्यायलं. त्या दिवसापासून रोज सुरई मीच भरत होतो.

आषाढात वहिनींचं अन्न तुटलं. मग डोळे पिवळे झाले. आईने पीलिया, म्हणजे कावीळ, झाडणाऱ्याला बोलावलं. त्याने काड्यांची एक बारीक माळ मंतरून त्यांच्या डोक्यावर टोपीसारखी ठेवली आणि सांगितलं, रोग जसा उतरेल तशी माळ आपोआप वाढत खाली येईल. आणि ती खरोखरच वाढली. दोरा सैल पडत जातो एवढाच त्यातला चमत्कार, पण आम्ही सगळे तिच्याकडे डोळे लावून बसलो. माळ कपाळावरून गळ्यात आली, गळ्यातून छातीवर. आई म्हणायची, “उतरतेय, उतरतेय.” माळ पोटापर्यंत पोचली त्या सकाळी वहिनी आम्हाला ओळखेनाशा झाल्या.

सिविल लाइंसमधल्या एका दवाखान्यात त्यांना नेलं. नाना, दादा आणि मी. डॉक्टरबाई वयस्क होत्या, थकलेल्या, आवाज न चढवणाऱ्या. त्यांनी वहिनींना आत नेलं आणि बाहेर येऊन पहिला प्रश्न विचारला, “पानी कहाँ का पीते हैं आप लोग?”

नाना ताठ झाले. अशा वेळीही ताठ झाले. “हमारे घर में नल का पानी नहीं पिया जाता, डॉक्टर साहब. अपना कुआँ है.”

“और लैट्रिन? कुएँ से कितनी दूर?”

“बीच में दीवार है,” नाना म्हणाले.

डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. “दीवार ज़मीन के ऊपर है, पंडितजी,” त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

मला सगळं एकदम दिसलं: चुना दिलेली भिंत, तिच्या एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला पोहरा, आणि खाली माती, जिला सोवळं-ओवळं कळत नाही. पन्हं दिसलं. माझ्या हाताने गटारात गेलेला माठ दिसला. आमच्यातलं जे एक माणूस त्या विहिरीपासून वाचलेलं होतं, त्यालाच मी धरून विहिरीवर आणलं होतं. आणि आणखी एक आठवलं. फाल्गुनात मला बारीक ताप होता, अन्नावर वासना नव्हती. परीक्षेची धास्ती म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं होतं. त्या खड्ड्यात हा रोग कुणाच्या पोटातून उतरला हे आता कुणीच सांगू शकणार नाही. माझ्याही असेल.

बाळ गेलं. मुलगा होता. वहिनी वाचल्या; बऱ्याच दिवसांनी बसत्या झाल्या, पण पुन्हा त्यांना दिवस राहिले नाहीत. परतीच्या टांग्यात नाना दादाला म्हणाले, “त्या बाईचं नाव सांगायला हवं होतं डॉक्टरला. त्यांना पूर्ण केस कळलीच नाही.” दादाने मान हलवली. मी दोघांच्या मध्ये बसलो होतो. मी बोललो नाही. दिवाळीपूर्वी नानांनी गुपचूप विहिरीत जंतू मारायची लाल दवा टाकली, पुढच्या वर्षी ती बुजवली, पण कारण कुणी उच्चारलं नाही. घरात एकच गोष्ट राहिली: मंगला नावाची एक बाई होती, तिच्या पायी घरातलं पोर गेलं. आईने ती मरेपर्यंत सांगितली. वहिनीही सांगायच्या, शांतपणे, कुणी मुलाबाळांचं विचारलं तर. “एक मैत्रीण होती,” त्या म्हणायच्या, “तिच्यामुळे.” आणि मी शेजारी बसलेलो असायचो.

या चैत्रात हे संपलं, किंवा सुरू झालं म्हणा. दुपारची वेळ होती. माझी बायको माहेरी गेली होती. वहिनी जमिनीवर बसून डाळीसाठी कैरी किसत होत्या; आता त्यांचे हातही आईसारखे वळत नाहीत. मी फिल्टरच्या मशीनमधून त्यांना पेला भरून दिला. पेला ओठांशी थांबला. मला काय झालं कोण जाणे. मी म्हटलं, “वहिनी, तुम्हाला माझा संशय आहे ना?”

“कसला?”

मग मी सगळं सांगितलं. कॅरियर, माठ, सुरई, डॉक्टरबाई, भिंत, फाल्गुनातला ताप. माझं बोलणं सरळ येत नव्हतं. त्या ऐकत होत्या आणि कैरी किसत होत्या. मी थांबलो तेव्हा त्यांनी किसणी खाली ठेवली.

“सुरईतलं पाणी बदललंय हे मला पहिल्याच घोटाला कळलं होतं, भाऊजी.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“काय बोलणार? मला तुमचं पटलं होतं.” त्यांनी बोटांना चिकटलेला कीस परातीत पुसला. “ती दाराशी आली होती जाताना. ताई, येते, म्हणाली. तुम्हाला वाटलं असेल आईंनी मला अडवलं. कुणी नाही अडवलं. मीच आतून कडी लावून बसले होते. तिचा श्वास बाळाला लागेल म्हणून.”

त्यांनीच पुन्हा विचारलं, “डॉक्टरबाई तेव्हाच म्हणाल्या हे? त्याच दिवशी?”

“हो.”

“तुमच्यासमोर?”

“हो.”

“म्हणजे इतकी वर्षं मी तिला...” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि सुरईच्या त्या संध्याकाळच्या नजरेत मी जो आरोप वर्षानुवर्षं शोधत होतो, तो या नजरेत पहिल्यांदा दिसला. माझी मान आपोआप खाली गेली. “बाळाचं एक वेळ सोडा,” त्या म्हणाल्या. “ते तुम्हालाही माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. पण मी तिला बोल लावताना तुम्ही शेजारी बसायचात, भाऊजी. चहा पीत.”

बाहेर चौकाकडून भाजीवाल्याची हाक आली आणि गेली. मी शेवटी विचारलं, “मग तुम्ही वास कसला घेता?”

“तिच्या माठाचा,” त्या म्हणाल्या. “सवय लागली. राग तिचा होता, पण वास विसरता येईना. वाटायचं, कुठेतरी पुन्हा येईल. एकदा स्टेशनच्या नळावर आला होता, तर मी गाडी सुटेपर्यंत पीत राहिले. तुमचे दादा ओरडत होते.” त्यांनी पेला माझ्यापुढे धरला. “या मशीनच्या पाण्याला कसलाच वास नाही. बघा.”

मी वास घेतला. खरंच नव्हता.

त्यांनी किसणी पुन्हा हातात घेतली. “यावलजवळ सोनवण्यांचं गाव. नाव मला आठवतं. तिकिटं काढा.”

“वहिनी, त्या असतील का आता? आणि असल्या तरी...”

“असली तर दाराबाहेर उभी राहीन. ती म्हणेल ते ऐकेन. तुम्हीही ऐकायचं.” कैरीचा कीस परातीत पडत होता. “आणि नसली, तर तिच्या घरचं पाणी पिऊन येऊ.”